रत्नमालेच्या बरगड्या

१९३४ सालच्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सरदार शिवाजीरावांची हत्तीण रत्नमाला मेली, आणि तिच्या मरणाचा दोष तिच्या माहुतावर आला. ज्या कागदामुळे तो आला, तो माझ्या यजमानांनी लिहिला होता आणि त्याची स्वच्छ प्रत मी केली होती. त्यांना जाऊन आता तेवीस वर्षं झाली. सूर्याजी माहूत तर त्याच्याही कितीतरी आधी गेला. सरदारांच्या हत्तीखान्याच्या जागी आता दुकानं आहेत. हरिशंकरपुरमच्या या घरात हत्ती म्हटलं की पोरांना सर्कस आठवते. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

आमचे हे गुरांचे डॉक्टर होते. घराणं उपाध्यांचं. तीन पिढ्या सरदारांकडे पूजाअर्चा, मुहूर्त, श्राद्धपक्ष हेच काम. यांनी मात्र मुंबईला जाऊन पशुवैद्यकाची परीक्षा दिली आणि परत येऊन त्याच सरदारांच्या पागेत नोकरी धरली. चाळीस घोडे, पंचवीस-तीस बैल, काही म्हशी आणि दोन हत्तिणी, रत्नमाला आणि हिरा. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पचलं नाही. "बापानं पोथी वाचली, लेक पोटं फाडतो," असं त्या आल्यागेल्याला सांगत. एखादं जनावर मेलं आणि हे ते उघडून बघून आले, की मागच्या दारी नळावर अंघोळ, कपडे तिथेच बादलीत, आणि मग घरात पाऊल. त्यांचं पान तर रोजच वेगळं मांडलं जाई. हे काही बोलत नसत. अंघोळ करताना मात्र आतल्या आत काहीतरी पुटपुटत. मला आधी वाटे स्तोत्र म्हणतात, नंतर कळलं की स्नायूंची नावं.

माझा या सगळ्यात हात लागला तो चित्रांमुळे. माहेरी इंदूरला मी चित्रकला शिकले होते. यांना पागेतल्या नालबंदांना आणि घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांना थोडंफार शिकवायचं असे. फळ्यावर यांनी काढलेला घोडा बघून तिथले लोक विचारत, डॉक्टरसाहेब, हे गाढव कुणाचं. मग चित्रं माझ्याकडे आली. हे शेजारी बसून सांगत आणि मी काढत असे. घोड्याचं धड मी इतक्यांदा काढलं की आजही डोळे मिटून काढीन. दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे दोन थर असतात. वरच्या थराचे धागे एका बाजूला तिरपे जातात, खालच्याचे उलट बाजूला, खाटेची सुतळी विणतात तसे. एक थर बरगड्या पुढे ओढून छाती फुलवतो, दुसरा ती परत आवळतो. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक मोठा स्नायूचाच पडदा, तो मागे सरकला की हवा आत येते. फुप्फुसाला स्वतःची ताकद काहीच नाही, हे यांचं आवडतं वाक्य होतं. श्वास घेतात ते धडाचे स्नायू, फुप्फुस नुसतं त्यांच्या मागून जातं. घोड्याच्या छातीत ते मोकळं असतं. आतून सगळं ओलं, गुळगुळीत, फुप्फुस बरगड्यांवरून मासळीसारखं सरकतं. कुठे चिकटलेलं दिसलं तर समजायचं की तिथे जुना दाह होऊन गेला आहे. घोडा असो, बैल असो, कुत्रा असो, हा नियम.

त्या वर्षी दसऱ्याच्या स्वारीत रत्नमाला नेहमीसारखी चालली. वय पन्नासच्या पुढे, पण चाल डौलदार. स्वारीनंतर वाड्याच्या कमानीत तिला ओवाळायची आणि खाऊ घालायची रीत होती. सरदारांच्या घरच्या बायका, आश्रितांच्या बायका, आम्हीसुद्धा, सगळ्यांनी आपापल्या घरून पुरणपोळ्या, लाडू, गुळाच्या भेल्या नेल्या होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या हातचं तिनं खावं. तिनं सगळ्यांचं खाल्लं. सूर्याजी दोनदा म्हणाला की आता पुरे, पण त्या गर्दीत माहुताचं कोण ऐकतं.

तिसऱ्या दिवशी तिनं चारा सोडला. चौथ्या दिवशी सकाळी ती उजव्या कुशीवर आडवी झाली आणि उठेना. हे दहाच्या सुमाराला हत्तीखान्यात पोचले. पोट तट्ट फुगलेलं. सूर्याजी तिच्या कानाशी बसून पोटाला तेल चोळत होता. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण हे नंतर इतक्यांदा बोलले की मला पाहिल्यासारखंच वाटतं.

यांच्या हाताखालून फुगलेले बैल शेकड्यांनी गेले होते. बैल फुगून कुशीवर पडला तर त्याला तसा राहू द्यायचा नाही, ही पहिली गोष्ट. पोटातला वारा कोंडतो आणि तासाभरात बैल जातो. त्याला ओढून छातीवर बसता करायचा, दोन्ही बाजूंना गवताचे भारे लावायचे, मग औषध. यांनी तेच सांगितलं. सूर्याजी उभा राहिला आणि म्हणाला की साहेब, हिला करवटीवरच राहू द्या, हत्तीला छातीवर बसवून ठेवायचं नसतं, दम कोंडतो. हे म्हणाले, अंबारी चढवताना बसतेच की. तो म्हणाला, बसते, अंबारी चढली की उठते, तेवढंच. माझ्या बापानं कधी हत्ती यापेक्षा जास्त वेळ बसवला नाही.

यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. बापानं सांगितलं म्हणून करायचं, हे ऐकून ऐकून हे कंटाळले होते. पागेत घोड्याला ताप आला तरी लोक आधी त्याच्या अंगावरचे शुभाशुभ भोवरे मोजत. अठरा माणसं दोर लावून भिडली आणि रत्नमालेला छातीवर बसती केली. दोन्हीकडून भुशाची पोती लावली. औषध पाजलं. दुपारी दोनच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी यांनी तिची छाती उघडली. कारभारी महिपतरावांना कारण लेखी हवं होतं, आणि लवकर हवं होतं. वाड्यात कुजबूज सुरू झाली होती की बायकांनी खाऊ घालून हत्तीण मारली. छाती उघडली तर दोन्ही फुप्फुसं बरगड्यांना सबंधच्या सबंध चिकटलेली. चिवट, पांढरट धाग्यांनी शिवल्यासारखी. कुठे मोकळी जागा नाही.

हे घरी आले ते जवळजवळ खुशीतच, हे मला लिहिलंच पाहिजे. कारण सापडलं होतं. छातीच्या आवरणाचा जुना दाह, निदान सहा महिन्यांचा. अशा जनावराला पोटफुगीचं निमित्त पुरतं, कुणी काहीही केलं असतं तरी ती वाचली नसती. त्यांनी अहवाल सांगितला, मी लिहून घेतला. शेवटी एक वाक्य होतं की इतक्या दिवसांच्या आजारात खोकला, ताप, मंदावलेली भूक ही लक्षणं माहुताच्या ध्यानात यायला हवी होती. ते वाक्य त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून घातलं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. सोबत लावायला मी चित्र काढलं. काढताना विचारलं, दोन्ही बाजूंना सारखंच चिकटलेलं दाखवू का. ते म्हणाले, हो, अगदी सारखंच होतं.

महिपतरावांनी अहवाल हत्तीखान्यातच वाचून दाखवला, माहूत, चारा आणणारे चारकटे, मोतद्दार सगळ्यांना उभं करून. सूर्याजीकडून अंकुश काढून घेतला. तो इतकंच म्हणाला की तिला खोकला नव्हता. मी तिच्या पायाशी झोपतो, मला कळलं असतं. महिपतराव म्हणाले, डॉक्टरांनी आत बघितलंय, तू बाहेरून काय सांगतोस.

सूर्याजी शिंदे की छावनी या वस्तीत राहत असे. त्याच्या आजोबांपासून हत्तीचंच काम. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या सरदारानं त्याला जनावराजवळ उभं केलं नाही. आजारी हत्तीण सहा महिने सांभाळली आणि त्याला कळलं नाही, असं झाल्यावर कोण ठेवील. तो किला गेटजवळ एका दुकानात पोती उतरवायला जाऊ लागला. आमच्या गल्लीतून जाताना तो मान वळवून जाई. आम्हीही मान वळवत होतो, पण आमच्या मनात तेव्हा अपराध नव्हता. बेफिकीर माणूस म्हणून राग होता.

दीड वर्ष असंच गेलं.

१९३६ च्या चैत्रात बैराग्यांचा एक जथा आमच्या लश्कर गावात आला होता. त्यांच्यासोबत चौदा-पंधरा वर्षांचा एक नर हत्ती होता. किल्ल्याखालच्या रस्त्यावर एक मोरी खचली, हत्ती खाली गेला आणि मान मोडून जागच्या जागी मेला. त्याला पुरायच्या आधी एकदा बघून घ्या म्हणून यांना निरोप आला. हे गेले, आणि केवळ उत्सुकता म्हणून छाती उघडून बघितली.

घरी आले तेव्हा बारा वाजले होते. नळावरची अंघोळ झाली. त्या दिवशी पुटपुटणं नव्हतं. पान मांडलं होतं, पण ते त्यावर बसले नाहीत. मला म्हणाले, रत्नमालेचं ते चित्र बाहेर काढ.

एक प्रत माझ्या ट्रंकेत होती. त्यांनी ती जमिनीवर पसरली आणि बघत बसले.

"कालपर्यंत हा ऊस खात होता," ते म्हणाले. "त्या बैराग्याला मी तीनदा विचारलं. कधी आजारी नाही, कधी खोकला नाही. मान मोडली म्हणून मेला. आणि याचीही चिकटलेली आहेत."

"म्हणजे यालाही तोच रोग होता?"

"तू हे काढताना मला विचारलं होतंस की दोन्ही बाजूंना सारखंच का. रोग असा सारखा कधी होत नाही, शरयू. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, कुठे ठिगळासारखा. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हत्तीचं असंच असतं. जन्मापासून."

मी म्हटलं, मग सूर्याजीची काही चूक नव्हती.

ते चित्रावर वाकले. मग बोटानं चित्रातल्या बरगड्यांवरून मागे-पुढे करत सांगू लागले, जणू मी वर्गात बसले होते. हत्तीचं फुप्फुस बरगड्यांना आणि पडद्याला शिवलेलं. बरगड्या हलल्या तरच ते हलणार. हत्तीला छातीवर बसवलं की शंभर मणांचं ओझं छातीच्या हाडावर येतं, बरगड्यांमधल्या स्नायूंना हलायला जागा राहत नाही, आणि पोटातलं सगळं पुढे सरकून पडद्यावर दाबतं. पोट फुगलेलं असेल तर आणखीच. घोडा, बैल अशा वेळी थोडा श्वास चोरून घेतात. हत्तीला चोरून घ्यायला आत जागाच नाही. कुशीवर असला तर निदान वरची बाजू हलते.

"सूर्याजी म्हणत होता करवटीवर राहू द्या," ते म्हणाले. "मी अठरा माणसं लावून तिला गुदमरवली."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या आणि यांना म्हणाल्या की नाना, हे इथेच राहू दे. हत्तीण काही परत येणार नाही. तुझ्या आजोबांपासून या दारात आपल्याला कुणी वावगा शब्द बोललेलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तूही कुठे बोलू नकोस, आणि ते चित्र चुलीत घाल.

मी चित्र ट्रंकेत ठेवलं.

यांनी लगेच काही केलं नाही, हेही खरं आहे. मुंबईच्या आपल्या जुन्या शिक्षकांना पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट बघत राहिले. मला वाटतं, उत्तर उलटं यावं अशी त्यांना आशा होती. उत्तर वीस दिवसांनी आलं. शिक्षकांनी लिहिलं होतं की तुमचं निरीक्षण बरोबर आहे, हत्तीच्या बाबतीत असं काहींनी पूर्वीही नोंदवलं आहे. आम्ही ते शिकवत नाही, कारण कॉलेजात उघडायला हत्ती कोण आणून देणार.

मग हे महिपतरावांकडे गेले. महिपतराव व्यवहारी माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की श्रीपादराव, तुमचं मन मोठं आहे, पण कागद दफ्तरात गेला, सरदारांनी वाचला, विषय संपला. तो आता उघडला तर आधी तुम्ही जाल आणि मग वाड्यातल्या पुरणपोळ्या निघतील. सूर्याजीला आपण गवताच्या गाड्यांवर मुकादम करू. त्याचं पोट भरेल, तुमचं मन हलकं होईल.

हे तेवढ्यावर राजी झाले. मी त्यांना पाठीशी घालत नाही. ते राजी झाले, आणि हा प्रस्ताव घेऊन सूर्याजीकडे जायचं ठरलं. मला सोबत चल म्हणाले. एकटा पुरुष गेला तर दारातच उभा करून दोन शब्दांत वाटेला लावतात. बरोबर घरची बाई असली की बसायला सांगावंच लागतं.

छावनीत आम्ही गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. सूर्याजी ओट्यावर बसून जुना दोर उसवत होता. त्याची बायको शांताताई बाहेर आली आणि खरंच तिनं सतरंजी टाकली. मला आत चला म्हणाली, पण मी तिथेच बसले.

यांनी सुरुवात चांगली केली. बैराग्यांच्या हत्तीचं सांगितलं, फुप्फुसाचं सांगितलं, तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं म्हणाले. सूर्याजीचं दोर उसवणं चालूच होतं. मग यांनी गवताच्या गाड्यांचं काढलं. तेव्हा त्यानं दोर खाली ठेवला.

"डॉक्टरसाहेब, गवत कशाला? मी हत्ती आहे का?"

शांताताईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला कळलं नाही.

हे म्हणाले की मुकादमाची जागा आहे, मानाची आहे.

"तो कागद वाचला तेव्हा हत्तीखान्यात किती लोक होते, तुम्हाला ठाऊक आहे?" सूर्याजीनं विचारलं. "तुम्ही नव्हता. मी मोजले होते. बावीस. माझा मेव्हणा होता, माझ्या हाताखाली शिकलेले तीन चारकटे होते. त्यांच्यासमोर सांगितलं की याला आपली हत्तीण आजारी आहे ते कळलं नाही. आता तुम्ही इथे माझ्या ओट्यावर येऊन हळूच सांगता की ती आजारी नव्हतीच. हे मला माहीतच होतं, साहेब. मला कशाला सांगता?"

"मग काय करू म्हणता?"

"त्या बावीस जणांना सांगा."

एवढं बोलून त्यानं दोर परत हातात घेतला. शांताताईनं मला कुंकू लावलं आणि आम्ही निघालो. वाटेत हे म्हणाले की त्याचं बरोबर आहे. मी म्हटलं, मग महिपतरावांना काय सांगणार. ते म्हणाले, महिपतरावांना काही सांगायचंच नाही, सरदारांकडेच जातो.

सरदार शिवाजीराव तेव्हा साठीचे असतील. जुन्या फौजेतला माणूस, कमी बोलणारा. यांनी त्यांच्यासमोर सगळं मांडलं, चित्रं दाखवली, मुंबईचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, तुम्ही बसती केली नसती तर जगली असती का. हे म्हणाले, सांगता येत नाही, पोटाचं दुखणं होतंच, पण कदाचित जगली असती. मी तिची ती संधी घालवली. सरदारांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना हत्तीखान्यात बोलवायला सांगितलं आणि सूर्याजीला आणायला माणूस पाठवला.

मी तिथे गेले. सासूबाईंना सांगितलं की देवळात जाते. हत्तीखान्याच्या एका बाजूला दाणा ठेवायची खोली होती, तिच्या जाळीमागे उभं राहिलं की सगळं दिसे. पागेतल्या दोघीतिघी आधीच उभ्या होत्या. त्यांनी मला पुढे जागा दिली.

हे मध्ये उभे होते. अंगावर पांढरा कोट, हातात काही नाही. ते म्हणाले की मी लिहून दिलेला कागद चुकीचा होता. रत्नमालेला जुना आजार काही नव्हता. हत्तीची छाती कशी असते हे मला माहीत नव्हतं, सूर्याजीला माहीत होतं. त्यानं मला सांगितलं, मी ऐकलं नाही, आणि हत्तीण माझ्या हातून गेली. नंतर दोष मी त्याच्यावर टाकला. इतकंच बोलले. माफीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले की माफी मागितली असती तर त्याला सगळ्यांसमोर ती द्यावी लागली असती.

मग सरदार बोलले.

"डॉक्टर, तुमचं काम आजपासून थांबलं. सूर्याजी, तुझं सुरू झालं. हिरा तुझ्याकडे." आणि महिपतरावांना म्हणाले की तो कागद दफ्तरातून काढून त्यावर आजची गोष्ट लिहून परत ठेवा, फाडू नका.

महिपतरावांनी अंकुश नुसता पुढे केला. सूर्याजीनं तो घेतला आणि यांच्याकडे न बघता हिराकडे गेला.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. लश्कर मोठं नाही. आठ दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. बाजारातून हे गेले की पोरं मागून "हाथी-मार डाक्टर" म्हणत. ज्यांच्या म्हशी हे बघत, त्यातले निम्मे दुसरीकडे गेले. सासूबाईंनी पंधरा दिवस कीर्तनाला जाणं बंद केलं. मग एके दिवशी आपणहून गेल्या. तिथे कुणीतरी विषय काढला, तर म्हणाल्या की तुमच्या घरात कुणी चूक कबूल केल्याचं अजून कानावर आलं नाही, येईल तेव्हा बोलू. हे मला शेजारच्या सुधाताईंनी सांगितलं. घरात त्या यांच्याशी अजून धड बोलत नव्हत्या.

श्रावणात एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, दारात सूर्याजी उभा राहिला. तेव्हापासून तो आमच्याकडे आला नव्हता, आणि हेही त्याच्याकडे गेले नव्हते. त्यानं मला नमस्कार केला आणि विचारलं, डॉक्टरसाहेब आहेत का. हे बाहेर आले.

हिरानं दोन दिवस खाल्लं नव्हतं. पोट धरलं होतं. नवा डॉक्टर अजून नेमलेला नव्हता.

यांनी विचारलं, सरदारांनी बोलावलंय का.

"नाही. मी बोलावतोय. सरदारांना विचारून आलोय. ते म्हणाले, हत्तीण तुझ्या ताब्यात, कुणाला आणायचं ते तू ठरव." मग म्हणाला, "औषध तुमचं. झोपवायचं कसं, ते मी बघतो."

हे पेटी घेऊन गेले. परत आले ते दिवेलागणीला. मी विचारलं तसं एकेक सांगत गेले. सूर्याजीनं हिराला डाव्या कुशीवर निजवलं होतं. यांनी औषध पाजलं, मग दोघं तिच्या पाठीशी बसून राहिले. सूर्याजीनं यांचा हात धरून तिच्या बरगड्यांवर ठेवला, कुठे ठेवला म्हणजे श्वास नीट कळतो ते दाखवायला. चामडं इतकं जाड की यांना आधी काहीच लागेना. मग लागलं. मिनिटाला सहा. हे मोजत राहिले. जुन्या गोष्टीबद्दल सूर्याजी तीन तासांत एकदाच बोलला.

"रत्नमालेला शेवटी फार त्रास झाला का? तुम्ही आत बघितलंत. तुम्हाला कळलं असेल."

यांनी सांगितलं, हो, झाला.

सूर्याजी म्हणाला, मलाही तसंच वाटलं होतं. मग म्हणाला की पोटावर शेक द्यायची वेळ झाली, विटा तापल्यात का बघतो.

पाचच्या सुमाराला हिरानं लीद टाकली आणि तासाभरानं आपणहून उठून उभी राहिली. शांताताईनं घरून चहा पाठवला होता, तो दोघांनी हत्तीखान्याच्या पायरीवर बसून घेतला. सासूबाईंना मी हे चहाचं सांगितलं नाही. त्यांनी नळाजवळ यांच्यासाठी पाणी काढून ठेवलं होतं, आणि यांचं पान त्या रात्री पहिल्यांदा आमच्या पंगतीत मांडलं.